पंचांसमक्ष पाहिलेला सिनेमा

हितेंद्र साटमांच्या घरात दूध उतू गेलं तरी त्याचा पंचनामा व्हायचा. पातेलं कुठल्या शेगडीवर होतं, ज्योत केवढी होती, ओघळ ओट्यावरून कुठवर आला आणि त्या वेळी घरात कोण कोण हजर होतं. त्यांची बायको दर्शना फडकं घेऊन ताटकळत उभी, आणि हे कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "आधी पुसू नकोस, बघू दे." तेहतीस वर्षं पोलिसात गेली, त्यातली बावीस रायटर म्हणून. रायटर म्हणजे ठाण्यात बसून लिहिणारा हवालदार. तपास साहेब करतात, आरोपीला शिपाई पकडून आणतात, पण तो गुन्हा कागदावर उभा करायचा रायटरने. साटमांचं अक्षर असं की नव्या पोरांना त्यांचे पंचनामे कित्ता म्हणून दाखवत. त्या अक्षराचा त्यांना भारी तोरा होता.

निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. नायगावच्या चाळीतली वडिलांची खोली पुनर्विकासात गेल्यापासून मंडळी वडाळ्याला भाड्याने राहत होती. हाताला लिहायला काही उरलं नव्हतं, म्हणून साटम टीव्हीवरच्या गुन्हेगारी मालिकांशी भांडत. "अरे, हातमोजे कुठायत? सील कोण करणार, तुझा काका?" हे भांडण एका रविवारी मुलीने, मेघनाने, ऐकलं आणि तिच्या डोक्यात किडा वळवळला. मेघना लोअर परळला जाहिरातीच्या ऑफिसात होती आणि उरलेल्या वेळात सिनेमांवर बोलायचा एक यूट्यूब चॅनेल चालवायची.

"बाबा, एक इंग्लिश पिक्चर आलाय, हिंदीत डब केलेला. सुपरहिरोचा आहे, पण सगळे म्हणतायत, मास्क बाजूला काढला तर सरळ क्राइम थ्रिलर. मग तुम्हीच सांगा ना, तपास म्हणून कसा आहे. खरा पोलीस! पाचपैकी स्टार किती?"

"मला कोण ऐकणार?" साटम म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाराच्या शोला तयार होऊन बसले.

सिनेमा खरोखरच काळोखा होता. बंदरावरचं एक कळकट शहर. पाणीखात्यातले तीन अधिकारी एकापाठोपाठ मेलेले सापडतात, तिघेही बुडून, आणि तिन्ही खोल्या कोरड्या ठणठणीत. एक थकलेला इन्स्पेक्टर, आणि त्याला गुपचूप मदत करणारा काळ्या कोटातला मुखवटेवाला. उडणं नाही, डोळ्यांतून आग नाही. नुसता मार खातो, मार देतो आणि विचार करतो. खुनी निघतो त्याच खात्यातला एक कारकून, ज्याच्या वस्तीला वर्षानुवर्षं घाण पाणी पाजलं गेलं.

घरी आल्यावर मेघनाने मोबाइल स्टँडला लावला आणि साटमांची गाडी सुटली. खुनाचं कारण पक्कं आहे, म्हणाले, राक्षसासारखा हसणारा खलनायक नाही, कारकून आहे, आणि कारकुनासारखा फायली बघून खून करतो, हे पटतं. इन्स्पेक्टरचे बूट झिजलेत, हेही पटतं. पण तो मुखवटेवाला! प्रेताच्या खोलीत थेट घुसतो, मुद्देमाल खिशात टाकतो, घरी नेतो, तिसऱ्या दिवशी आणून देतो. "कुठल्या कोर्टात टिकेल हो हे? वकील दोन मिनिटांत चिंधड्या करेल!" मेघना कॅमेऱ्यामागे तोंड दाबून हसत होती. आणि मग साटमांना तो प्रसंग आठवला. सिनेमातला एक म्हातारा पोलीस रात्रपाळीच्या टेबलावर अहवाल लिहितो आणि मुखवटेवाल्याचं नाव गाळून टाकतो: 'वस्तू पोलिसांना मिळून आली.'

"हे एक मात्र बरोबर दाखवलंय," साटम रंगात येऊन म्हणाले. "लिहावं लागतं असं कधीकधी. आम्हीही लिहिलंय. पण मग साक्षीदार खमका पाहिजे. आमच्या ठाण्याजवळ एक टेलर होता. चाकू सापडल्याच्या पंचनाम्यातला पंच. ऐन कोर्टात फितूर झाला आणि खुनी सुटला! त्याच्यावर काढा म्हणावं पिक्चर." आणि सिनेमाला साडेतीन स्टार देऊन टाकले.

व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला. शिवाजी पार्कला सकाळच्या चालण्यात दोन अनोळखी माणसांनी त्यांना नमस्कार केला. साटम घरी आले ते तरंगतच. चहा पिता पिता खालच्या कमेंट वाचू लागले. काका भारी, काकांना पुन्हा आणा, काका रॉक्स. त्यांच्या मधोमध एक ओळ होती.

'काका, चाकू सापडला तेव्हा टेलर कुठे होता?'

खाली नाव: अनुजा तोरस्कर.

साटमांनी मोबाइल पालथा ठेवला. चहा निवला. अनुजा त्यांना आठवत होती, पाच-सहा वर्षांची, दोन वेण्यांची. त्याच टेलरच्या, म्हणजे आपल्या बापाच्या, गुणाजी तोरस्करच्या नायगावच्या दुकानात, मशीनच्या पायाशी बसून डब्यातली बटणं रंगाप्रमाणे वेगळी करायची.

त्या दिवसापासून माणूस ठिकाणावर राहिला नाही. चहात दोनदा साखर घातली. शिवाजी पार्कला गेले ते एक फेरी मारून परत फिरले, पुन्हा गेले. बसने दादरला निघाले की नायगाव यायच्या आधीच उठून दाराशी उभे राहायचे आणि स्टॉप आला की न उतरताच परत बसायचे. तासातासाला मोबाइल उघडायचा, ती ओळ आहे का बघायचं. असायचीच. तिच्याखाली आता नव्वद लोकांनी अंगठे दिले होते. "पायाला भिंगरी लागलीय का हो?" दर्शनाने विचारलं. तर म्हणाले, "गॅस झालाय."

मेघनाने मात्र ती कमेंट वाचली होती. शेवटी ती समोर येऊन बसली. "बाबा, मी लहानपणापासून त्या फितूर टेलरची गोष्ट ऐकतेय. मुखवटेवाल्याने पुराव्याला हात लावला म्हणून तुम्ही त्याला धारेवर धरलंत. मग हिला उत्तर द्या ना. टेलर कुठे होता?"

"पंच म्हणून सही होती त्याची," साटम म्हणाले.

"मी सही विचारली नाही."

साटम उठून गॅलरीत गेले. खाली इस्त्रीवाल्याची हातगाडी उभी होती, ती जाईपर्यंत तिच्याकडेच बघत राहिले.

टेलर कुठे होता हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी सकाळी दहाला एका चाळीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, खुनातला चाकू सापडला. साहेब घाईत होते, वरून फोनवर फोन येत होते. वस्तू उचलताना दोन पंच जागेवर हजर लागतात, हे साहेबांना माहीत होतं, साटमांना तर झोपेतही माहीत होतं. चाकू तसाच उचलून ठाण्यात आणला. साटमांनी दुपारी टेबलाशी बसून, आपल्या त्या सुरेख अक्षरात, गच्ची, टाकी, चाकू, त्यावरचे डाग, सगळं लिहून काढलं, आणि समोरच्या दुकानातून गुणाजीला हाक मारली. गुणाजी पोलिसांच्या वर्द्या शिवायचा, अख्खं ठाणं त्याचं गिऱ्हाईक. पंच लागला की गुणाजी, हे ठरलेलंच. बोटांना खडू लागलेला, गळ्यात टेप. "मी बघितलंय ना सगळं," साटम म्हणाले होते, "तू फक्त सही कर." त्याने केली. दुसरीही एक सही मिळाली, तो माणूस पुढे गावी गेला आणि सापडलाच नाही.

दोन वर्षांनी खटला उभा राहिला. कोर्टाच्या व्हरांड्यात साटमांनी गुणाजीकडून पाठ करून घेतलं: तीन जिने, टाकी डाव्या हाताला. गुणाजी मान हलवत होता. पिंजऱ्यात उभा राहिला, शपथ घेतली, आणि वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला तेव्हा घाबरून की काय, एकदम घरच्या मालवणीत म्हणाला, "मी थंय नव्हतंय, साहेब. माका बोलावल्यानी, मी सही केलंय." झालं. सरकारी वकिलाने त्याला फितूर ठरवलं. आरोपी सुटला. खून झालेल्या पोराची आई पाठीमागच्या बाकावर बसली होती, ती बराच वेळ उठलीच नाही. त्या बाईचा चेहरा साटमांच्या मनात राहिला, आणि दर वेळी तो आठवला की त्यांनी त्याखाली गुणाजीचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ते तरातरा दुकानात गेले. त्यांच्या नव्या वर्दीचं कापड बेतून ठेवलेलं होतं. "कापड परत दे," चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. गुणाजीने घडी घालून, वरून दोरा बांधून दिलं. महिन्याभरात त्याच्या दुकानात खाकीचा तुकडा दिसेना. त्यानंतर साटम त्या फुटपाथने कधी गेले नाहीत. सतरा वर्षं त्यांनी घरी, ठाण्यात, लग्नाच्या पंगतीत ही गोष्ट सांगितली, आणि एकाही माणसाने तो प्रश्न विचारला नाही. विचारला तो बटणं वेचणाऱ्या पोरीने.

नायगावला ते तीनदा गेले. पहिल्यांदा कोपऱ्यावरून परतले. दुसऱ्यांदा दुकानासमोर पोचले, तर गुणाजी कुणाचं तरी माप घेत होता, ते निमित्त पुरलं. तिसऱ्यांदा थेट पायरी चढले. दुकान अर्धं झालं होतं, अर्ध्यात मोबाइलच्या काचा विकणारा बसला होता. शाळेचे गणवेश, साडीला फॉल, पँटची लांबी कमी करून मिळेल. गुणाजीच्या डोक्यावर केस उरले नव्हते. त्याने चष्म्यावरून बघितलं आणि मशीन थांबवलं नाही.

साटमांनी बसमध्ये चार वाक्यं जुळवली होती. समोर उभं राहिल्यावर त्यातलं एकही आठवेना. तोंडातून भलतंच निघालं.

"पिक्चरला येतोस?"

मशीन थांबलं. "कसलो?"

"तो... मास्कवाला. मारामारीचा."

"तुझ्या व्हिडिओतलो," गुणाजी म्हणाला. म्हणजे त्याने पाहिला होता. "माका कित्याक?"

"पंच म्हणून." साटमांना स्वतःलाच कळेना आपण काय बोलतोय, पण आता शब्द आपोआप येत होते. "मी पुन्हा लिहिणार आहे त्याच्याबद्दल. नीट. पहिल्यापासून शेवटपर्यंत तू जागेवर हजर पाहिजेस. मग वाचून दाखवतो, मग सही."

गुणाजीने सुईतला दोरा ओढून तोडला. "आणि मी सही करूक नाय तर?"

"तर नाही."

"बुधवारी दुकान बंद आसता," गुणाजी म्हणाला आणि मशीन सुरू केलं.

बुधवारी बाराच्या शोला, परळच्या मॉलमध्ये, दोघे म्हातारे शेजारी शेजारी बसले. मध्ये पॉपकॉर्नचा डबा, त्याला कुणी हात लावेना. साटमांचं लक्ष सिनेमात कमी आणि शेजारी जास्त. सिनेमा दुसऱ्यांदा बघताना त्यांना कळलं की तो मुखवटेवाला मुळात तपास करतच नाही, तो फक्त घाई करतो. सगळ्या चुका घाईतून होतात. इन्स्पेक्टरला ते दिसतं आणि तो गप्प बसतो, कारण निकाल हवा आहे. पहिल्या वेळी साटमांनी याला वेगवान कथानक म्हटलं होतं. आता खुर्चीत नुसती चुळबुळ होत होती. आणि तो म्हातारा पोलीस टेबलाशी बसून अहवाल लिहायला लागला तेव्हा तर उठून बाहेर जावंसं वाटलं.

गुणाजी मात्र भलत्याच गोष्टी बघत होता. "ह्या कोटात हात वर जाऊचो नाय," तो पुटपुटला. "बगलेत कापड कमी आसा. मारामारी करतलो कसो?" थोड्या वेळाने: "इन्स्पेक्टराची वर्दी बरी शिवल्यानी." साटमांना हसू आलं. एकोणीस वर्षांपूर्वीचा तोच आवाज होता, मापं घेताना स्वतःशी बोलणारा.

मध्यंतरानंतर गोदामातली मोठी मारामारी सुरू झाली आणि गुणाजीची मान कलंडली. साटमांनी कोपर पुढे केलं, मग मागे घेतलं. दहा मिनिटांनी तो आपणहून जागा झाला.

बाहेर पडून दोघे नाक्यावरच्या हॉटेलात बसले. चहा आला. साटमांनी पिशवीतून फुलस्केप कागद काढले आणि लिहायला बसले. चाळीस मिनिटं पेन चालत होतं. मग त्यांनी खाकरून वाचायला घेतलं. सुरुवातच अशी: 'आज रोजी आम्ही पंच समक्ष हजर राहून सदर सिनेमा पाहिला तो येणेप्रमाणे.' शेजारच्या टेबलावरचा पोरगा वळून बघू लागला. खुनाचं कारण सबळ. कारकुनाचं काम उत्तम. अंधार एवढा की पुरावा प्रेक्षकालाही दिसत नाही. मुखवटेवाला धाडसी आहे, पण त्याच्या पुराव्यावर कुणालाही शिक्षा होणार नाही. कोट बगलेत घट्ट. गुणाजी एकेका वाक्याला मान डोलवत होता.

"'गोदामातली मारामारी चित्तथरारक असून ती पाहताना पंचांचा श्वास रोखला गेला.'"

"थांब," गुणाजी म्हणाला. "ह्या मी बघूक नाय. माका झोप लागली हुती."

"अरे, मी बघितलंय ना सगळं," साटम म्हणाले, "तू फक्त..."

आणि तिथेच थांबले. पुढचे दोन शब्द जिभेवर होते. चहाच्या कपाला हात लागला आणि थोडा चहा टेबलावर सांडला. गुणाजी त्यांच्याकडे बघत होता, रागाने नाही, पिंजऱ्यातून बघितलं होतं तसंच, घाबरून आणि तरीही सरळ.

साटमांनी पेन उचललं. त्या देखण्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि बाजूला आपली आद्याक्षरं घातली. बावीस वर्षांत त्यांच्या पंचनाम्यात खाडाखोड झाली नव्हती. कागद विद्रूप दिसत होता. त्यांनी तो गुणाजीकडे सरकवला.

गुणाजीने चष्मा पुसला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा स्वतः वाचलं, बोट फिरवत. मग खाली सही केली.

"उद्या मेघना शूटिंग करणार आहे," साटम म्हणाले. "सिनेमाचं नंतर सांगेन. आधी तुझ्या अनुजाला उत्तर देणार आहे. नाव घेऊन. चूक माझी होती, गुणाजी. तुझी नव्हती. त्या बाईचा खटला मी घालवला, तू नाही."

टेबलावर सांडलेला चहा गुणाजीने बोटाने कडेला सारला.

"काय सांगतलंस?" त्याने शेवटी विचारलं. "नीट सांग. काय बोलतलंस ता."

साटमांनी कोरा कागद घेतला आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "'चाकू सापडला तेव्हा गुणाजी तोरस्कर गच्चीवर नव्हता. त्याला तिथे कोणी बोलावलंच नव्हतं. तो आपल्या दुकानात होता, माझ्या वर्दीचा शर्ट शिवत.'"

"शर्ट नाय," गुणाजी म्हणाला. "पँट हुती."

साटमांनी 'शर्ट' खोडलं आणि वर 'पँट' लिहिलं.